सुईवरचं वजन

मोशी,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोईजभाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. माझं नाव गोरक्ष. पिंपळे सौदागरच्या करिष्मानं तुमची रेकॉर्डची पेटी काल माझ्या हवाली केली. तिचा जुना, सुटकेससारखा रेकॉर्ड-प्लेअरही तिनं महिन्याच्या बोलीवर दिला आहे. पेटी फिरवणाऱ्या पाच जणांत मी सगळ्यात नवा. झाकणाच्या आत चिकटवलेला नियम मी दोनदा वाचला: 'महिनाभर ठेवा. ऐका. फोनवर उतरवू नका, नेटवर टाकू नका. पेटीच्या मालकाला पत्र लिहिल्याशिवाय पेटी पुढे जाणार नाही.' म्हणून हे पत्र. चुका असतील तर सांभाळून घ्या. मी दहावीनंतर आयटीआयला एक वर्ष होतो, नंतर सुटलं.

चाकणजवळच्या एका शेडमध्ये मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट प्रेसवर निघतात, ते मी शेवटी तपासतो. त्या सवयीनं पेटीही तपासली. एकूण चौदा रेकॉर्ड. फिनलंडच्या लाल कव्हरचा उजवा कोपरा दुमडलेला आहे, तो माझ्याकडे येण्याआधीपासून. ब्राझीलच्या रेकॉर्डवर दुसऱ्या गाण्यात आडवा ओरखडा आहे, पण सुई अडकत नाही. जपानच्या रेकॉर्डमधला कागद उलटा घातला होता, तो सरळ केला.

गाणी ऐकताना आईनं दारातून विचारलं, "आरं, कुनाला मारत्यात का काय त्या पेटीत?" मी म्हटलं, गाणं आहे. ती म्हणाली, "गानं हाय व्हय? मग त्याला पानी तरी द्या म्हनावं." मला ही गाणी आवडतात, कारण ती दीड मिनिटात संपतात. लांब गाण्यात मला पुढच्या कामाची काळजी वाटू लागते.

चौदावी रेकॉर्ड पारदर्शक आहे, मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात ठेवलेली, वर मार्करनं 'बर' एवढंच लिहिलेलं. पत्रा कापला की कडेला जी बारीक धार राहते, तिला आमच्याकडे बर म्हणतात. हात कापतो तो तिनंच. म्हणजे ही मंडळी इथलीच असणार. गाणी मराठीत आहेत एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. तिसऱ्या गाण्यात 'चार नंबर' असं काहीतरी आहे. त्याचे शब्द कुठे लिहिलेले असतील तर कळवावे.

आपला नम्र,
गोरक्ष

उदगीर,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोरक्ष,

भावा, आधी ते 'आदरणीय' खाली उतरव. मी चाळीस वर्षांचा आहे आणि मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. माझा आदर इथे कुणी करत नाही, तू कशाला सुरुवात करतोस?

तुझं पत्र साबियाला वाचून दाखवलं. साबिया म्हणजे माझी बायको. दुमडलेल्या कोपऱ्याचं ऐकून ती म्हणाली, "या मुलाचं लग्न झालंय का? नसेल तर ज्या मुलीशी होईल तिची मला आत्ताच दया येते." मला मात्र बरं वाटलं. बाकीचे लिहितात, 'जबरदस्त, भाई', आणि संपलं पत्र.

'बर' आमचाच बँड. २०११ साल, भोसरी. मी ड्रम वाजवायचो, अजिंक्य गायचा म्हणजे ओरडायचा, आणखी एक गिटारवाला होता, तो आता बंगळुरात असतो. रेकॉर्ड काढायला आम्हाला कोण विचारणार? भोसरीत एका टर्नरनं जुन्या लेथवर जुगाड केला होता. हेडलाइटच्या काचेसाठी येतं त्या प्लास्टिकचा भंगार तुकडा गोल कापायचा, फिरवायचा, आणि आवाजाच्या तालावर सुई त्यात चर पाडत जायची. एकेक रेकॉर्ड अशी वेगळी कापावी लागायची. सात कापल्या. बाकीच्या सहा हरवल्या. तुझ्या हातात आहे ती शेवटची.

फोनवर उतरवायची नाही, कारण एकदा कुणीतरी आमचं गाणं नेटवर टाकलं आणि एकाची नोकरी गेली. नियम तेव्हापासूनचा.

शब्द कुठेच लिहिलेले नाहीत. त्यांच्या मागे लागू नकोस. फिनलंडवाल्यांचे तरी तुला कळतात का? तसंच हेही ऐक.

तुझा,
मोईज

मोशी,
२ मार्च २०२५

प्रिय मोईजभाई,

आदरणीय काढलं आहे.

परवा, म्हणजे २८ फेब्रुवारीला, आमच्या शेडमध्ये जे झालं ते लिहितो. शिफ्ट सुरू झाली की आमचं शटर बाहेरून कुलूप लावून बंद करतात. माणसं चहाला पळू नयेत आणि माल बाहेर जाऊ नये म्हणून. आत आम्ही तेहतीस जण असतो. दुसरा दरवाजा आहे, पण त्याच्यापुढे पार्ट भरलेल्या लोखंडी जाळ्या रचलेल्या असतात. मला वाटायचं, सगळीकडे असंच असेल.

संध्याकाळी पाच वाजून चौदा मिनिटांनी बिरूचं मनगट पत्र्यानं कापलं. बिरू मंगळवेढ्याकडचा, माझ्या शेजारच्या प्रेसवर असतो. किल्ली ज्याच्याकडे होती तो डिस्पॅचवाला दुसऱ्या युनिटला गेला होता. आम्ही शटर बडवत राहिलो. शटर पाच बत्तीसला उघडलं. अठरा मिनिटं. मी बिरूचा हात फडक्यानं दाबून धरला होता. तो म्हणाला, "भावा, काहीतरी बोल राव, गप नको बसू." मी त्याला तुमच्या पेटीतल्या रेकॉर्ड क्रमानं सांगत बसलो. फिनलंड, लाल कव्हर. ब्राझील, पिवळं. जपान, काळं-पांढरं. चौदा झाल्या की परत पहिल्यापासून. त्याला नऊ टाके पडले. करंगळी आणि शेजारचं बोट वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं तिसरं गाणं लावलं, तेव्हा सुरुवातीचा आवाज ड्रमचा नाही हे मला कळलं. ते शटर आहे. मग मी शब्द लिहायला बसलो. माझी दुपारची शिफ्ट असते, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. आतापर्यंत एवढं लागलं आहे:

चार नंबर, चार नंबर
शटर खाली, आत धूर
किल्ली कुणाच्या खिशात
किल्ली गेली किती दूर

शेवटी एकच शब्द तीनदा आहे. कुणाचं तरी नाव असावं. तेवढं लागत नाही. ते कोण होतं, आणि त्याचं पुढे काय झालं? मला हे कळायला हवं आहे. आमच्या कुलपाबद्दल कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करावा असं मनात आहे. पण अशा बाबतीत आजवर कुणी कुणाचं नाव घेतलं असेल असं वाटत नव्हतं. तुमच्या गाण्यात घेतलं आहे.

आमच्या घराशेजारी टॉवरचा पाया खोदतात. दिवसभर खडकावर ब्रेकर चालतो आणि सुई उडते. त्यावर उपाय केला आहे, काळजी नसावी.

आपला,
गोरक्ष

उदगीर,
१० मार्च २०२५

प्रिय गोरक्ष,

बिरूच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. त्याला माझा सलाम सांग. साबियानं दुआ केली आहे.

गाण्यातलं नाव मलाही आठवत नाही. अजिंक्य कधी काय ओरडायचा ते त्याचं त्याला माहीत. आता तो पुरंदरकडे कोंबड्या पाळतो, माझा त्याचा संबंध नाही. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, यार. तेव्हा आम्ही कुणाच्याही नावानं ओरडत होतो.

अर्जाचं नीट विचार करून कर. तुझ्या घरी आई आहे.

आणि असं कर, तुझा महिना तसाही भरलाच आहे. पेटी करिष्माकडे न देता सरळ माझ्याकडे पाठव. मोशीहून उदगीरला एसटीचं पार्सल येतं. प्लास्टिकची रेकॉर्ड जुनी झाली आहे, तिला आता थोडा आराम हवा. यापुढे ती लावू नकोस. लगेच पाठव.

मोईज

मोशी,
२९ मार्च २०२५

प्रिय मोईजभाई,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. माझं तपासणीचं टेबल आता शेडच्या बाहेर, शटरजवळ हलवलं आहे. जबाबदारी वाढल्यामुळे वेळ मिळत नाही. पार्सलसाठी योग्य मापाचं खोकं अजून सापडलेलं नाही. सापडताच पाठवतो.

पेटी सुरक्षित आहे. तेराही रेकॉर्ड उत्तम स्थितीत आहेत.

अर्जाचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. बिरू बरा आहे. त्याला पॅकिंगला घेतलं आहे.

आपला,
गोरक्ष

उदगीर,
८ एप्रिल २०२५

गोरक्ष,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या पत्रात तू चौदा रेकॉर्ड मोजल्यास. या पत्रात तेरा. तुझ्यासारखा माणूस मोजण्यात चुकत नाही. त्या गाण्याबद्दल एक अक्षर नाही. 'आपलं पत्र', 'क्षमस्व'. म्हणजे तुला नाव ऐकू आलं, आणि आता ती रेकॉर्ड तू मोजायलाही तयार नाहीस. ठीक आहे. मग माझ्याच तोंडून ऐक.

अजिंक्य शेवटी तीनदा ओरडतो ते माझं नाव आहे.

भोसरीच्या त्या शेडमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. चार नंबरच्या शटरची किल्ली माझ्याकडे असायची. मी वेळेवर यायचो, दारू प्यायचो नाही, म्हणून मालकानं माझ्याकडे दिली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. शनिवार होता. संत तुकाराम नगरात अजिंक्यच्या खोलीवर स्वीडनहून पार्सल आलं होतं. दोन महिने वाट बघत होतो. अजिंक्यनं शटरच्या फटीतून खोलीची चावी दिली आणि म्हणाला, "जा ना भावा, फक्त घेऊन ये. फोडू नको, मिळून फोडू." मी स्कूटरवर गेलो. दहा मिनिटांत परत येता आलं असतं. मी पार्सल फोडलं. म्हटलं, एकच बाजू ऐकू. ऐकली. मग ती इतकी भारी होती की पुन्हा पहिल्यापासून लावली.

तेवढ्यात तिकडे शेडमध्ये गरम पार्ट बुडवायच्या तेलानं पेट घेतला. आग मोठी नव्हती, पण धूर कोंडला. सगळे शटर बडवत होते. शेवटी खालची पट्टी पहारीनं वाकवून माणसं सरपटत बाहेर आली. शालनबाई झाडलोट करायच्या, त्या बेशुद्ध पडल्या होत्या. वाचल्या, पण छातीच्या त्रासामुळे त्यांना परत कामाला येता आलं नाही. मी आलो तेव्हा अजिंक्य रस्त्यावर बसून ओकत होता. माझ्या काखेत पार्सल होतं.

मला कुणी काही विचारलं नाही. मालकानं कुलूप बदललं आणि नवी किल्लीही मलाच दिली.

तीन आठवड्यांनी अजिंक्यनं ते गाणं आणलं. सुरुवातीला ड्रम नको म्हणाला. मला त्या टर्नरच्या दुकानाच्या शटरपुढे उभं केलं. "वाजव. ते कसं वाजवत होते ते तुला माहीत नाही. मी सांगतो, तसं वाजव." मी वाजवलं. सातही रेकॉर्ड कापताना मीच वाजवलं. बाकीच्या सहा हरवल्या नाहीत. ज्याच्या-त्याच्याकडून मागून आणल्या आणि मोडल्या. ही एक मोडवेना. जवळ ठेववेना म्हणून पेटीत टाकली. लोकांना आवाज कळेल, शब्द कळणार नाहीत, या भरवशावर. फोनवर उतरवू नका हा नियमही तेवढ्यासाठीच. फोनवर गाण्याचा वेग कमी करून ऐकता येतं. नोकरी वगैरे कुणाची गेली नव्हती.

आता तुला सगळं माहीत आहे. पेटी पाठव किंवा नको पाठवूस.

मोईज

मोशी,
१५ एप्रिल २०२५

प्रिय मोईजभाई,

मला नाव ऐकू आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. आता ते कुणालाच ऐकू येणार नाही, कारण ते मी घालवलं आहे.

सुई उडते म्हणून मी उपाय केला असं लिहिलं होतं. तो उपाय म्हणजे सुईच्या दांडीवर ठेवलेला एक नट. शेडमधून आणला. तपासणीच्या काट्यावर तोलला, ११.२ ग्रॅम भरला. मग सुई अजिबात उडेना. मला वाटलं, किती नीट काम झालं. शेवटचे सहा सेकंद मी पुन्हा पुन्हा लावत होतो. प्रत्येक वेळी वहीत रेघ मारत होतो. एकशे बारा रेघा आहेत. चाळिसाव्या वेळेपासून नाव अस्पष्ट होत गेलं, तर मला वाटलं माझेच कान थकले असतील, म्हणून मी जास्त वेळा लावलं. मग एका सकाळी उन्हात रेकॉर्ड तिरपी धरली. त्या जागी पांढरा पट्टा दिसला. नखाला बारीक भुसा लागला. तुमचं प्लास्टिक मऊ होतं आणि मी ते नांगरलं.

शटरचा आवाज, चार ओळी, सगळं आहे. फक्त नाव नाही. तिथे आता खरखर आहे.

हे मला सांगता येईना म्हणून खोक्याचं खोटं लिहिलं. 'तेरा' लिहिलं तेव्हा तुम्हाला फसवलं नाही असं मला वाटलं होतं. मोजून तेरा उत्तम स्थितीत होत्या.

दुसरीही गोष्ट आहे. बिरूचं झाल्यावर चार दिवसांनी सुपरवायझर अर्जुनरावांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "गोरक्ष, तू काटेकोर पोरगा आहेस राव. तो डिस्पॅचवाला बेजबाबदार निघाला. किल्ली आता तुझ्याकडे. तुझं टेबल बाहेर घेऊ. पर्मनंटसाठी नाव पुढे पाठवायला मलाही तोंड राहील." मी म्हटलं, सर, कुलूपच नको. ते हसले. "कुलूप माझ्या हातात नाही, किल्ली तेवढी आहे." मला वाटलं, माझ्याकडे असली तर मी कुठे जाणार नाही. मी घेतली. आईनं त्या दिवशी शिरा केला.

तेव्हापासून आत बत्तीस जण आणि बाहेर मी. पण हलता येत नाही ते मलाच. पाणी प्यायला नळ वीस पावलांवर आहे, तिथेही मी मागे बघत जातो. सकाळी जेवताना पाणी पीत नाही, म्हणजे शिफ्टमध्ये उठावं लागत नाही. आतून कुणी ना कुणी शटरवर टकटक करतं. काम काही नसतं. मी आहे का, एवढंच बघायचं असतं. मी "आहे" म्हणतो. परवा मोजलं, एका शिफ्टमध्ये एकेचाळीस वेळा.

तुमच्यावर रागवायला मी बसलो होतो. पण माझ्या खिशात किल्ली टोचते आहे, मी कसा रागवू?

तुमची रेकॉर्ड खराब केल्याबद्दल क्षमा मागतो. पेटीतून माझं नाव काढलंत तरी चालेल.

गोरक्ष

उदगीर,
२४ एप्रिल २०२५

गोरक्ष,

खरं तेच लिहितो. आधी राग आला. शेवटची रेकॉर्ड होती. मग हलकं वाटलं. इतकं हलकं की दुकान बंद करून दुपारी घरी जाऊन झोपलो. उठल्यावर त्या हलक्या वाटण्याची लाज वाटली. साबियाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं चहा ठेवला. नंतर म्हणाली, "त्या बाईंचं काय झालं पुढे?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "चौदा वर्षं?"

अजिंक्यला पत्र टाकलं आहे, शालनबाईंचा पत्ता विचारायला. तो उत्तर देईल असं वाटत नाही. पण टाकलं.

आता तुझं. 'माझ्याकडे असली तर मी कुठे जाणार नाही.' गोरक्ष, मीही हेच म्हणायचो. आणि मी खरंच कुठे जात नव्हतो. दीड वर्ष एकही दिवस हललो नव्हतो. मग एक दिवस स्वीडनहून पार्सल आलं. तुझंही काहीतरी येईल. आईचा फोन येईल, पोटात कळ येईल. किल्ली चांगल्या माणसाकडे आहे म्हणून कुलूप चांगलं होत नाही, एवढं मला समजायला चौदा वर्षं आणि तुझी एकशे बारा वेळा घासलेली सुई लागली.

काय कर ते सांगत नाही. मी सांगायच्या जागेवर नाही. सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर मी, माझं पूर्ण नाव, शेडचा पत्ता, तारीख आणि त्या दिवशी मी काय केलं ते लिहून सही केली आहे. अर्ज केलास तर जोड, नाही केलास तर पेटीत ठेव.

पेटीतून नाव काढणार नाही. पण नट काढून ठेव, यार.

मोईज

चाकण,
११ मे २०२५

प्रिय मोईजभाई,

अर्ज केला. तीन वेळा कच्चा लिहिला, चौथ्यांदा पक्का. सह्यांसाठी आत दिला, तर कुणी करेना. पॅकिंगची हर्षाली तो कागद हातात घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "कुलूप तूच लावतोस आणि कुलपाविरुद्ध अर्ज तूच फिरवतोस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बिरू म्हणाला, "अगं, त्याचा काय दोष." ती म्हणाली, "दोष राहू दे. कागदात लिहिलंय, 'बाहेरून कुलूप लावण्यात येते'. कोण लावतं ते कुठाय? लावण्यात येते म्हणे! भूत येऊन लावतं का? आधी तुझं नाव घाल, मग माझी सही माग."

मी कागद परत घेतला. पाचव्यांदा लिहिला. 'शटरला बाहेरून कुलूप मी, गोरक्ष, लावतो व किल्ली माझ्याकडे असते.' हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यात अवघड शब्द एकही नव्हता. हर्षालीनं सही केली. बिरूनं डाव्या हातानं केली. मिळून नऊ झाल्या.

तुमचा कागदही जोडला. निरीक्षकांच्या कार्यालयातले क्लार्क म्हणाले, "हे चौदा वर्षांपूर्वीचं आहे, शेड वेगळी, याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं, राहू द्या जोडलेला. त्यांनी टाचणी काढली नाही. पोच मिळाली, २ मेची. कुणी पाहणीला येईल म्हणाले, कधी ते सांगितलं नाही.

आता तोवर काय करायचं? किल्ली परत केली असती तर ती दुसऱ्या कुणाच्या खिशात गेली असती. म्हणून मी एक केलं. पाच तारखेपासून कुलूप नुसतं एका कडीत लटकवायला लागलो. लांबून लावल्यासारखं दिसतं, पण शटर मोकळं असतं. आत बत्तीस जणांना सांगून ठेवलं. मला वाटलं होतं, कुणीतरी बाहेर येईल. चहाला, निदान हवा खायला. एकही जण आला नाही. ज्याला-त्याला आपल्या नोकरीची भीती. फक्त टकटक बंद झाली. पाच दिवस एकदाही नाही.

काल दुपारी अर्जुनराव दुसऱ्या युनिटच्या माणसाला शेड दाखवायला आले. माझी तारीफ करत होते. "हा आमचा गोरक्ष. याच्या कुलपाला हात लावायला नको," असं म्हणत त्यांनी कुलपाला हात लावला. ते त्यांच्या हातात आलं. शटर वीतभर वर सरकलं. आतून सगळ्यांना आधी त्यांचे बूट दिसले असणार, कारण प्रेस एकामागून एक थांबत गेल्या. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. अर्जुनराव म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, "सर, मोकळं आहे." ते म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, "पाच तारखेपासून." मला खोटी तारीख सांगता आली असती, पण सुचली नाही.

किल्ली काढून घेतली. शटर लावलं, कुलूप दाबलं. आत ते बत्तीस जण, आणि या वेळी किल्ली अर्जुनरावांच्या खिशात. शटर खाली येताना हर्षाली आतून ओरडली, "गोरक्ष, पाहणीवाल्यांचा फोन नंबर लिहून ठेवलाय ना रे?" सगळ्यांसमोर. तिला घाबरायचं नसावं किंवा भान राहिलं नसावं. अर्जुनरावांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांना अर्जाचं पहिल्यांदा कळलं.

आज रविवार असून मला बोलावलं आहे. मी ऑफिसातल्या बाकावर बसलो आहे. दार बाहेरून ओढून घेतलं आहे, लावलेलं नाही असं वाटतं. उठून बघितलेलं नाही. कुलूप का लावलं नाही आणि अर्जात कंपनीची बदनामी का केली, याचा लेखी खुलासा चार वाजेपर्यंत द्यायचा आहे. त्यासाठी त्यांनी मला एक कोरा फुलस्केप कागद आणि पेन दिलं. हे पत्र त्याच कागदावर लिहिलं आहे, दोन्ही बाजू भरल्या. पावणेचार झाले. खुलाशासाठी आता दुसरा कागद मागावा लागेल.

आपला,
गोरक्ष